चौकातलं हसरं प्रेत

गल्लीत त्याला सगळे जनरल म्हणत. दुकान चष्म्यांचं, अंगकाठी किरकोळ, आणि आवाज असा की समोरच्या गिऱ्हाइकाला दोनदा 'काय म्हणालात?' विचारावं लागे. बंदूक त्याने आयुष्यात एकदाच हातात धरली होती, फुगे फोडायला, आणि तेव्हाही फुगा राहिला बाजूला, वरचा दिवा फुटला. तरी जनरल तो जनरलच. कारण त्याच्या घरात जेवढी युद्धं होती तेवढी एखाद्या राजधानीतही नसतील.

म्हणजे युद्धपट. तेही साधेसुधे नव्हेत. नायक एकटाच पलटणीला लोळवतो आणि शेवटी झेंडा फडकतो, असले सिनेमे त्याला पोरकट वाटत. त्याला लागत ते जुने, काळेपांढरे, भांडखोर सिनेमे. मंत्री टेबलाशी बसून नकाशावर बोट टेकवतात आणि त्या बोटाखाली एक अख्खं गाव जातं. शिपायांची तुकडी गोळी झाडायला नकार देते. वर्तमानपत्रवाला खोटी बातमी छापतो आणि खरं युद्ध पेटतं. असल्या सिनेमांवर कुठे ना कुठे बंदी आलेली असायची, कुणीतरी रिळं जाळलेली असायची. मग कैक वर्षांनी एखादी छोटी कंपनी उरलीसुरली रिळं हुडकून काढी, त्यांवरची धूळ, ओरखडे, डाग एकेक करून घालवी आणि जाड पुठ्ठ्याच्या देखण्या पेटीत त्या सिनेमाच्या डिस्क विकायला आणी. आत पुस्तिका, घडी घातलेलं पोस्टर, उलटसुलट दोन्ही बाजूंनी वापरता येणारं कव्हर. जनरलच्या भाषेत ही 'संग्राहकांची आवृत्ती'. बायकोच्या भाषेत 'आणखी एक खोकं'.

खोकी आधी हॉलमधल्या कपाटात मावत. मग ती झोपायच्या खोलीत शिरली. पुढे लेकीचं लग्न झालं, ती दुसऱ्या शहरी निघाली, आणि तिची गाडी कोपऱ्यावरून वळते न वळते तोच जनरल मोजपट्टी घेऊन तिच्या खोलीच्या भिंतीपाशी उभा.

"अहो, निदान आजचा दिवस तरी रडा," बायको म्हणाली.

"रडतोच आहे," तो म्हणाला, "रडता रडता फक्त मोजतोय."

दुकान दोघांचं होतं. तो डोळे तपासायचा, भिंगं घासून बसवायचा. ती गिऱ्हाइकाच्या नाकाकडे एक नजर टाकून भिंतीवरच्या शेकडो फ्रेमांतून नेमकी एक काढून द्यायची आणि ती फ्रेम त्या चेहऱ्यावर अशी बसायची की जन्मतःच तिथे होती असं वाटावं. तिला चेहऱ्यांचं वेड. युद्धांचा मात्र मनापासून कंटाळा. पडद्यावर पहिली तोफ उडाली की ती उठलीच. "तुमचं चालू द्या, मी जरा बहिणीकडे जाऊन येते." बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि तिच्याकडे कुणी कुणावर चाल करून जात नसे.

एवढ्या सगळ्या खोक्यांत जनरलचा जीव होता एकाच सिनेमावर. 'नगरात शांतता आहे' हे त्याचं नाव. नवं सरकार एका बंडखोर गावात फौज पाठवतं, लोक चौकात जमतात, गोळीबार होतो. मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी जाणकार हा सिनेमा डोक्यावर घेऊन नाचत. चौकभर प्रेतं पडली आहेत. मधोमध घोड्यावर बसलेला अधिकारी जाहीरनामा वाचतो आहे. कॅमेरा प्रेतांवरून सावकाश सरकत जातो आणि एका तरुण मुलीच्या चेहऱ्याशी क्षणभर रेंगाळतो. तिची मूठ गालाखाली आहे. आणि ती, बहुतेक, हसते आहे.

या 'बहुतेक'वर आजवर किती भांडणं झाली असतील! जनरलकडे आधी या सिनेमाची कॅसेट होती, ती पाहणं म्हणजे दुधातून पाहणं. मग डिस्क आली, तेव्हा दूध जरा पातळ झालं. शेजारच्या गल्लीतले निवृत्त गणिताचे मास्तर दर रविवारी येत आणि दोघं पडद्याला नाक लावून बसत.

"हसतेच आहे!" मास्तर म्हणत. "मेलेली जनता सत्तेला हसते आहे. आणि मागे ती घरघर ऐका. रणगाडा! दिसत नाही, पण आहे. दिग्दर्शकाने दाखवला नाही, नुसता ऐकवला."

रणगाडा जनरललाही मान्य होता. पण त्याचं सगळं लक्ष त्या मुठीवर. मेल्यावरही न सुटलेली मूठ! त्याने त्या मुठीवर एक लेख लिहून संग्राहकांच्या छोट्याशा मासिकात छापून आणला होता. तो लेख अशा पेट्या काढणाऱ्या एका कंपनीच्या संपादकबाईंच्या वाचनात आला. त्यांचा फोन आला: मूळ निगेटिव्ह सापडली आहे, चित्र आणि आवाज दोन्ही स्वच्छ करून आम्ही नवी आवृत्ती काढतो आहोत, तुमचा लेख पुस्तिकेत घेऊ का?

जनरलला आकाश ठेंगणं झालं. त्या आठवड्यात त्याने एका बाईच्या चष्म्याला दोन्ही काड्या डाव्याच बसवल्या.

पेटी आली तेव्हा तो एका गृहस्थांचे डोळे तपासत होता. नाकावर तपासणीची ती जड लोखंडी फ्रेम, एका डोळ्यावर झाकण, आणि गृहस्थ शेवटच्या ओळीतली अक्षरं लावत होते. दारात कुरिअरवाला दिसला आणि जनरल जो उठला तो परतलाच नाही. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अहो डॉक्टर, पुढे वाचू का?" बायकोने जाऊन त्यांची सुटका केली. जनरल मागच्या फळीवर बसून पुस्तिकेतल्या आपल्या लेखाचा वास घेत होता.

"वाचा तरी," ती म्हणाली.

"वाचीन गं. आधी नीट वास घेऊ दे."

रविवारी दुपारी बैठक ठरली. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले. लेक मुद्दाम तिच्या शहराहून आली. बायको नेहमीप्रमाणे चपला शोधायला लागली तशी लेकीने तिला धरून बसवलं. "आई, आज मावशीकडे नाही जायचं. बाबांचं नाव छापून आलंय. एक दिवस गोळ्या खाल्ल्यास तर काय बिघडतं?"

"बरं बाई. पण मी मटार सोलत बसणार."

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच चित्राला मास्तरांनी 'अहाहा' केलं. दूध गेलं होतं, काचसुद्धा नव्हती. शिपायांच्या कोटाची वीण दिसत होती, भिंतीचे पोपडे दिसत होते. जनरल मधेमधे बायकोकडे पाही. ती मान खाली घालून मटार सोलत होती. गोळीबार झाला, ती म्हणाली, "केवढा तो आवाज." मग चौक आला, घोडा आला, घोड्याच्या नाकपुड्यांतून वाफ आली.

बायकोने मान वर केली. हातातली शेंग तशीच राहिली.

"हा चौक..." ती म्हणाली.

"श्श," मास्तर म्हणाले.

कॅमेरा सरकत आला. मुलीचा चेहरा पडद्यावर आला, स्वच्छ, लख्ख, नाकावरच्या तिळासकट. आणि 'बहुतेक' संपलं. मुलगी हसत होती. ओठ दातांखाली दाबून, गाल फुगवून, जिवाच्या आकांताने हसू दाबत होती.

"थांबवा!" बायको ओरडली.

"अगं, आत्ताच तर—"

"अहो थांबवा म्हणते ना! ही मी आहे!"

मटारचं भांडं उलटं झालं आणि हिरवे दाणे खोलीभर पळाले. जनरलने चित्र थांबवलं. पडद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तिच्या नाकावर तीळ होता. तो तर तिथे कायमचाच होता. नाकावर फ्रेम कशी बसते हे पाहण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला आपल्या बायकोचं नाक ओळखू आलं नव्हतं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," बायको म्हणाली. "लग्नानंतर पहिल्याच वर्षी. म्हटलं, मी माहेरी असताना एका पिक्चरमध्ये काम केलंय. तुम्ही हसलात."

आता त्याला आठवलं. "पण तू तर प्रेमकथा म्हणाली होतीस! 'तुझ्या खिडकीखाली' का काहीतरी."

"आम्हाला तेच नाव सांगितलं होतं त्या लोकांनी."

मास्तर उठून उभे राहिले. खोट्या नावाखाली, अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून हा सिनेमा काढला, हे तर सगळ्या जाणकारांना तोंडपाठ होतं. ते खोटं नाव कुठलं, हे मात्र आजवर कुणाला कळलं नव्हतं. आणि ते या घरात, मटार सोलत, निवांत बसलं होतं!

"पण आई," लेक म्हणाली, "एवढी प्रेतं पाहून तुम्हाला कुणालाच संशय नाही आला? प्रेमकथेत?"

"मला काय माहीत? म्हटलं शेवट दुःखाचा असेल."

यावर लेक जी हसत सुटली ती थांबेना. मास्तर मात्र गंभीर होते. त्यांनी घसा साफ केला. "वहिनी, एकच सांगा. तुम्ही हसलात ते का? दिग्दर्शकाने काय सांगितलं होतं?"

"मेल्यासारखं पडा, एवढंच. पण माझ्या शेजारी आमच्या गावचा बेकरीवाला पडला होता ना! बिचारा पहाटेपासून भट्टीपुढे उभा. आडवा झाला, ऊन अंगावर आलं, आणि लागली की हो त्याला झोप. तो घोड्यावरचा मोठ्याने वाचतोय, 'नागरिकहो, या नगरात आता संपूर्ण शांतता आहे', आणि लगेच माझ्या कानाशी 'घुर्रर्र'! दरवेळी तेच. शांतता म्हटलं की घुर्रर्र. सांगा, कसं मरायचं माणसाने?"

जनरलने चित्र मागे नेलं, आवाज पूर्ण वाढवला आणि पुन्हा लावलं.

'या नगरात आता संपूर्ण शांतता आहे.'

घुर्रर्रर्र.

"रणगाडा!" मास्तर किंचाळले, आणि खुर्चीत बसायला गेले ते खुर्ची चुकून खालीच बसले. मग जे हसू फुटलं ते आवरण्यापलीकडचं होतं. लेक सोफ्यावर लोळत होती, मास्तर जमिनीवर बसून चष्मा पुसत होते आणि पुसता पुसता 'न दिसणारा रणगाडा' असं पुटपुटून परत फुटत होते. बायको तर इतकी हसली की तिला उचकी लागली.

"आणि मूठ?" जनरलने विचारलं. पुस्तिका अजून त्याच्या मांडीवर होती. "मूठ का आवळली होतीस?"

"मूठ कसली? मी झोपतेच अशी." असं म्हणून ती मटारचे दाणे हाताने बाजूला सारून सतरंजीवर कुशीवर आडवी झाली. उजवी मूठ गालाखाली, गुडघे किंचित दुमडलेले.

जनरल बघतच राहिला. हे त्याने रोज पाहिलं होतं. रोज सकाळी तो आधी उठायचा तेव्हा हीच मूठ, हाच गाल, हेच गुडघे. तो लेख लिहीत होता तेव्हासुद्धा ती शेजारी अशीच झोपलेली होती, आणि तो कागदावर वाकून लिहीत होता की या मुठीचं रहस्य कधीच उलगडणार नाही. तो खाली उतरला, दाण्यांमध्येच तिच्याजवळ बसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझ्या घरात ती राहते," तो म्हणाला. "माझ्या घरात!"

"उठू का आता? दाणे टोचतायत."

मास्तर इतक्या सहज हार मानणारे नव्हते. जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, "पण घोरणं दिग्दर्शकाला ऐकू गेलंच असणार. काढून टाकता आलं असतं. त्याने ठेवलं! म्हणजे माझं म्हणणं खोटं नाही. रणगाडा नसेल, पण सरकारने शांतता म्हटल्यावर जनता घोरते, हे काय कमी आहे?" आणि खुशीत शीळ घालत गेले.

दुसऱ्या दिवशी जनरलने कंपनीच्या संपादकबाईंना फोन केला. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच पलीकडून अशी एक किंकाळी आली की दुकानातल्या गिऱ्हाइकालाही ऐकू गेली. "त्यांना कुठेही जाऊ देऊ नका! मी कॅमेरा घेऊन येते!"

पण बायको म्हणाली, आधी गावी. बेकरीवाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याची लेक अजून बेकरी चालवत होती. दोघं पेटी आणि लॅपटॉप घेऊन बसने गेली. चौक तोच होता, फक्त मधोमध आता कारंजं होतं आणि तेही बंद. बेकरीत पावाचे ट्रे रचलेले, गल्ल्यामागे कोपरापर्यंत पिठाने माखलेली पांढऱ्या केसांची एक बाई. तिने बायकोकडे क्षणभर रोखून पाहिलं.

"अगं, शिंप्याची धाकटी ना तू?"

मिठ्या झाल्या, दोघींचे कपडे पांढरे झाले. मग ट्रे सरकवून लॅपटॉप ठेवला. बेकरीवाली हात पुसत, जरा नवलाने पाहत होती. घोडा आला, अधिकारी आला, शांतता आली. घुर्रर्रर्र.

ती हात पुसायची थांबली.

"बाबा," ती म्हणाली.

जनरलने घाबरून बंद करायला हात पुढे केला. तिने तो हात धरला. "परत लाव."

त्याने परत लावलं. मग तिने आत पाहून मुलांना हाका मारल्या, सुनेला बोलावलं, भट्टीवरच्या माणसांना बोलावलं, पाव घ्यायला आलेल्या दोन बायकांनाही अडवलं. "ऐका! माझे बाबा! आमच्याकडे त्यांचे फोटो आहेत, पण आवाज कुठे होता? आई म्हणायची, यांच्या घोरण्याने भट्टी आपोआप पेटते!" घुर्रर्र. "परत!" घुर्रर्र. दरवेळी ती हसे आणि दरवेळी डोळ्यांतून पाणी वाहे, आणि ते पुसायच्या नादात तिचं तोंड पिठाने पुरतं रंगलं. निघताना तिने त्यांच्या पिशव्यांत इतके पाव कोंबले की बसमध्ये शेजारच्या प्रवाशांनाही वाटावे लागले.

पुढचे महिने काय धमाल होती! संपादकबाई आल्या, दुकानातच दिवे लावले, बायकोची मुलाखत घेतली. जनरल कॅमेऱ्यामागे उभा राहून हातवारे करत होता, शेवटी त्याला बाहेर घालवावं लागलं. दूरदूरचे संग्राहक पेट्या घेऊन दुकानात येऊ लागले. "प्रेतबाई आहेत का?" असं भीतभीत विचारत. ती पुस्तिकेवर सही करी आणि नाकाकडे बघून म्हणे, "तुम्हाला ही गोल फ्रेम शोभत नाही हो. थांबा जरा." बहुतेक जण सही आणि नवा चष्मा दोन्ही घेऊन जात.

मुलाखतीसकट आवृत्ती पुन्हा निघाली आणि कंपनीने जुन्या थिएटरात दुपारचा खेळ ठेवला. थिएटर भरलं. आता तो किस्सा सगळ्यांना ठाऊक होता, आणि जनरलला धास्ती वाटू लागली. आपण आपल्या लाडक्या सिनेमाचा विनोद तर करून ठेवला नाही ना?

शांतता आली, घुर्रर्र आलं, आणि अख्खं थिएटर खदाखदा हसलं. मास्तर सगळ्यांत मोठ्याने. लोक अजून हसतच होते तोवर पुढचं चित्र आलं. अधिकारी जाहीरनामा गुंडाळतो आणि शिपाई एकेका प्रेताला पायाने हलवून बघत चालू लागतात. पडद्यावर कुणीही घोरत नव्हतं. हसू एकदम थांबलं. एवढ्या माणसांनी एकाच वेळी श्वास रोखून धरलेला जनरलने कधी ऐकला नव्हता. अंधारात बायकोने त्याचा दंड घट्ट धरला.

"हे मी पाहिलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "आमच्या रांगेतल्यांना मग जेवायला सोडलं होतं."

खेळ संपल्यावर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बायकोने व्यासपीठावर जाऊन सांगितलं की आपल्याला बोलता येत नाही, आणि मग पाऊण तास बोलली.

परतताना दोघं बागेतून निघाली. ऊन कललं होतं, हिरवळीवर कुणी नव्हतं. जनरलच्या अंगात वारं शिरलं होतं. "मला शिकव," तो म्हणाला.

"काय?"

"मरायला."

तिने इकडेतिकडे पाहिलं. "बरं. आधी गुडघे जाऊ द्या. असं नाही, तुम्ही खुर्चीत बसल्यासारखे पडताय. हं. आता मान सैल. पोट आत कशाला ओढताय? प्रेताला पोटाची लाज नसते."

जनरल हिरवळीवर पसरला, नवा सदरा, चष्मा, सगळ्यासकट. डोळे मिटले. ती त्याच्याभोवती फिरून बारकाईने पाहत होती. तेवढ्यात एक बाई कुत्र्याला फिरवत आली. कुत्रं थेट जनरलच्या कानाशी गेलं आणि हुंगू लागलं. त्याचे गाल फुगले, ओठ दातांखाली गेले, खांदे गदगदू लागले.

"यांना बरं नाही का?" त्या बाईने काळजीने विचारलं.

"छे हो, मेलेत," बायको म्हणाली. "पण अजून कच्चे आहेत."